टार्गेट शीट घ्यावी का? घ्यावी, पण टायब्रेकरच्या पाचजणी तिच्यावरून निवडू नयेत

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. कॉलेजच्या फुटबॉल संघात गोली, म्हणजे गोलकीपर, होतो. गेली नऊ वर्षं संध्याकाळी विश्रामबागेकडच्या एका मैदानावर मुलींना फुटबॉल शिकवतो. फी घेत नाही, त्यामुळे सामानाचा प्रत्येक रुपया पालकांच्या वर्गणीतून येतो आणि त्याचा हिशेब मला द्यावा लागतो. फेब्रुवारीत आम्ही ६,४०० रुपयांना गोलवर लावायची टार्गेट शीट ऑनलाइन मागवली. चार महिने रोज वापरली. मिरज-तासगावकडच्या दोघातिघा प्रशिक्षकांनी "कशी आहे, घेऊ का?" म्हणून विचारलं, त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी हे लिहितोय.

घ्यायचं कारण आधी सांगतो. गेल्या ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या सामन्यात आमची १-१ अशी बरोबरी झाली आणि टायब्रेकर लागला, म्हणजे दोन्ही संघांच्या पाच-पाच जणींनी आळीपाळीनं एकेक पेनल्टी किक मारायची, समोर फक्त गोली. पाच मुली मी निवडल्या. तीन किक वाया गेल्या. त्यातली एक आमच्या नऊ नंबरची, जी सरावात कधी चुकायचीच नाही. मध्यरेषेवरून चालत आली, बॉल ठेवला, शिट्टी वाजली न वाजली तोच धावली आणि बॉल बारवरून मागच्या बाभळीत. परत येताना गाडीत कोणी बोलत नव्हतं. ती खिडकीशी बसली होती, बूट मांडीवर, आणि सांगली येईपर्यंत तिनं पायातले शिनगार्डसुद्धा काढले नाहीत. त्या रात्री मी स्वतःला विचारलं, या पाचजणी तू कशावरून निवडल्यास? माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुकानात दहा रुपयांची नोंद चुकली तर मी रात्री दहापर्यंत बसून शोधतो, आणि इथं पोरींच्या वर्षभराच्या मेहनतीचा निर्णय मी नुसत्या अंदाजानं घेतला होता.

तर शीट. निळं पॉलिस्टर कापड, २४ फूट लांब, ८ फूट उंच, म्हणजे पूर्ण मापाचा गोल झाकतं. सहा भोकं आहेत. चार कोपऱ्यांत चार, प्रत्येकी अडीच फूट बाय अडीच फूट, मी टेप लावून मोजलं. बाकी दोन खालच्या बाजूला, खांबापासून थोडी आत, दोन बाय दोनची. प्रत्येक भोकामागे जाळीची पिशवी, त्यात बॉल अडकून राहतो. गोलचं एकूण क्षेत्र १९२ चौरस फूट, भोकं मिळून ३३. म्हणजे शीटवरचा "गोल" खऱ्या गोलच्या सहाव्या भागापेक्षा थोडा जास्त. पहिल्या संध्याकाळी बाराजणींनी प्रत्येकी दहा किक मारल्या, १२० पैकी १९ भोकात गेल्या. पोरी हिरमुसल्या, पण दुसऱ्या दिवशी सगळ्या वेळेआधी हजर.

ही शीट काय चांगलं करते ते मनापासून सांगतो. प्रशिक्षक जवळ नसला तरी मुलीला लगेच उत्तर मिळतं. बॉल कापडावर बसला की धप्प असा आवाज येतो. भोकातून गेला तर आवाजच नाही, फक्त मागची जाळी सळसळते. आठवड्याभरात पोरी मान वर न करता आवाजावरून ओळखायला लागल्या. आमच्यात सातवीतली एक अबोल मुलगी आहे, चारचौघांत चुकलं की रडवेली होते. ती रोज सगळ्यांच्या आधी येऊन एकटीच डाव्या खालच्या भोकावर वीस किक मारायची. मे महिन्यात मी उभा राहून मोजलं, वीसपैकी नऊ आत. फेब्रुवारीत तिची किक गोलपर्यंत पोचताना दम तोडायची. पायाचा आतला भाग कसा लावायचा, टेकवायचा पाय बॉलच्या शेजारी नेमका कुठं ठेवायचा, हे मी वर्षभर सांगून जितकं बदललं नव्हतं तितकं या कापडानं बदललं. एवढ्यासाठीच मी ते पैसे पुन्हा खर्च करीन.

आता दोष. पहिला शिवणीचा. वरच्या बाजूला बांधायला चौदा रिंगा आहेत. एप्रिलात वळवाच्या आधीचं वारं सुटलं की २४ फुटांचं कापड शिडासारखं फुगतं. तिसऱ्याच आठवड्यात चार रिंगा कापडासकट निघून आल्या. कंपनीला फोटो पाठवले. "तक्रार नोंदवली आहे" असं दोनदा उत्तर आलं, पुढं काही नाही. शेवटी मार्केट यार्डाजवळ ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे एक मामा आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी कडा दोन बोटांत धरून ताणली आणि म्हणाले, "कापड चांगलं हाय, दोरा कच्चा हाय." वरच्या कडेला त्यांनी दुहेरी ताडपत्रीची पट्टी लावली, नायलॉनच्या जाड दोऱ्यानं दोनदा शिवली, पितळी रिंगा ठोकल्या. ४५० रुपये घेतले. त्यानंतर एकही रिंग निघालेली नाही. नवीन घेणाऱ्यानं वापरायच्या आधीच ही पट्टी लावून घ्यावी. बाजूचे वेल्क्रोचे पट्टे कुसळं भरून महिन्यात निकामी होतात, त्यांच्याऐवजी सुतळी बांधा. घडी घालायला दोघांना वीस मिनिटं लागतात.

दुसरा दोष मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो शिवून दुरुस्त होणारा नाही. शीटला मध्ये भोक नाही. मधला सगळा भाग सलग कापड, म्हणजे मुलीच्या डोक्यात बसतं की मध्ये मारणं म्हणजे चूक. प्रत्यक्षात काय होतं? इस्रायलच्या मायकेल बार-एली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या स्पर्धांतल्या २८६ पेनल्टी तपासल्या होत्या, तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. गोली मध्येच उभा राहिला अशा पेनल्टी फक्त ६.३ टक्के. मध्ये मारलेल्या किक मात्र जवळपास २९ टक्के. गोली उडी मारतोच, कारण उभं राहून गोल खाल्ला तर काही केलंच नाही असं दिसतं. मी स्वतः गोली होतो, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. १९७६ च्या युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या, फायनलला बेलग्रेडमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या आन्तोनिन पानेन्कानं पश्चिम जर्मनीविरुद्धची निर्णायक किक अलगद मध्येच टाकली, त्यांचा गोली सेप मायर डावीकडे गेला होता. शाळेच्या पोरींनी तशी अलगद किक मारावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण जोरात, सरळ, गोलीच्या गुडघ्याच्या वर, हा एक पूर्ण कायदेशीर पर्याय आहे आणि शीट तो पुसून टाकते. आम्ही मध्यभागी खडूनं एक चौकोन काढला. घाम आणि धुळीनं तो रोज पुसला जातो, रोज परत काढतो.

आता मूळ प्रश्न. दडपणाखाली कोण चांगली किक मारेल, हे शीटवरून कळतं का?

मार्चपासून मी वही घातली. दुकानातली जुनी रोजमेळाची, उभ्या रेघा आखलेली. सुरुवातीला फक्त शीटचे आकडे लिहीत होतो. एप्रिलअखेर नऊ नंबर दहात सहा-सात भोकात घालत होती, संघात सगळ्यांत पुढे. चार नंबर, आमची बॅक, दहात तीनच्या वर कधी गेली नाही. वहीप्रमाणे नऊ नंबर पहिली आणि चार नंबर यादीतच नाही. मग आम्ही शीट काढली, गोली उभी केली आणि दिवसाला प्रत्येकीला एकच किक द्यायला सुरुवात केली. सराव संपल्यावर, दमलेल्या पायांनी, मध्यरेषेवरून एकटीनं चालत येऊन. चुकली तर चुकली, दुसरी मिळणार नाही.

इथं वही वेगळं बोलायला लागली. नऊ नंबरची नजर शीटवर भोकात असायची, इथं गोलीच्या पायांवर खिळायची. धावताना अर्ध्यात तिचा विचार बदलायचा, हे मला कळायचं कारण मी नवीन रकाना आखला होता: मध्यरेषेवरून निघायच्या आधी प्रत्येकीनं कोपरा चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात द्यायचा. नऊ नंबरच्या पहिल्या बारा किकांपैकी सात चिठ्ठीप्रमाणे गेल्या नाहीत. गोल मात्र त्यातल्याही काही झाले. नुसतं "गोल / हुकला" लिहिलं असतं तर ते माझ्या नजरेतून निसटलं असतं. चार नंबरनं बारापैकी अकरा वेळा लिहिलं तिथंच मारलं. तिचा कोपरा कधी खोल नसतो, गोलीनं दोनदा अडवलाही. पण तिनं ठरवलं आणि ते केलं.

म्हणून माझ्या वहीत आता चार गोष्टी असतात. कुठं मारायचं ठरवलं, बॉल कुठं गेला, गोली कुठं गेली, आणि शिट्टीनंतर किती वेळानं धाव सुरू केली. गोल झाला की नाही हा पाचवा रकाना, सगळ्यांत शेवटी.

शिट्टीचा रकाना का, ते सांगतो. नॉर्वेचे क्रीडा-मानसशास्त्रज्ञ गैर यॉर्डेट यांनी वर्ल्ड कप आणि युरोसारख्या स्पर्धांतल्या टायब्रेकरच्या चित्रफिती तपासण्यात अनेक वर्षं घातली आहेत. शिट्टी वाजताच घाईनं धावणाऱ्यांच्या किक जास्त हुकतात, असं त्यांना आढळलं. आणखी एक: गोल झाला तर आपण जिंकलो, अशी किक जास्त वेळा आत जाते. हुकली तर आपण हरलो, अशी किक कमी वेळा. अंतर तेच ११ मीटर, गोल तोच. हे वाचल्यावर मला ऑगस्टमधली नऊ नंबरची किक आठवली. ती हुकली तर आम्ही हरणार होतो, आणि तिला तिथून लवकर सुटायचं होतं. नेम चुकला नव्हता. तिला तिथं उभं राहवत नव्हतं.

तरीही वहीवर मी किती विश्वास ठेवावा, याचा विचार मी खूप केला. चारात तीन गोल घालणारी मुलगी घ्या. हे वाईट प्रमाण नाही, मोठमोठे व्यावसायिक खेळाडूही साधारण तिथंच असतात. ती पाच किक मारायला आली तर पाचही आत जाण्याची शक्यता किती? पाऊण गुणिले पाऊण, असं पाच वेळा. चोवीस टक्क्यांच्याही खाली. म्हणजे अशी चांगली मुलगीसुद्धा चारातल्या तीन वेळा पाचात एखादी तरी हुकवणारच. मग एका ऑगस्टमधल्या एका किकवरून "ही घाबरते" असा शिक्का मारायचा मला काय अधिकार? आमच्याकडे सौद्याला शंभर पोत्यांचा ढीग असला तर एका पोत्याच्या तोंडावरचा नमुना बघून कोणी भाव बोलत नाही. चार-पाच पोत्यांत हात घालून हळकुंड मोडून आतला रंग बघतात.

मोठ्या खेळाडूंचंही तेच. इटलीच्या रोबेर्तो बाजिओचं नाव घेतलं की लोकांना १९९४ ची वर्ल्ड कप फायनल आठवते, पासाडेनात बारवरून गेलेली किक, मान खाली घातलेला बाजिओ. पण त्याच टायब्रेकरमध्ये फ्रांको बारेसीचीही किक वरून गेली होती आणि डानिएले मासारोची अडवली गेली होती, हे किती जण सांगतील? आणि बारा दिवस आधी नायजेरियाविरुद्ध ८८ व्या मिनिटाला बरोबरी करून देणारा आणि जादा वेळेत पेनल्टीवर जिंकून देणारा बाजिओच होता. ती पेनल्टी कमी दडपणाची होती का? इंग्लंडच्या हॅरी केनचं तर एकाच सामन्यातलं उदाहरण आहे. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सविरुद्ध उपांत्यपूर्व सामना, ५४ व्या मिनिटाला पेनल्टी, गोल. ८४ व्या मिनिटाला दुसरी, बारवरून. समोर तोच गोली, ह्यूगो लोरिस, तेव्हा त्याच्याच क्लबातला. अर्ध्या तासात केनचा स्वभाव बदलला असं म्हणायचं का?

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथल्या फुटबॉलमध्ये फक्त किक मारायला वेगळा खेळाडू ठेवतात, बाकी सामनाभर तो बाजूला उभा. त्यांचा ॲडम विनातिएरी दडपणातला राजा मानला जातो. जानेवारी २००२ मध्ये त्यानं भर हिमवर्षावात ४५ यार्डांवरून बरोबरीची किक मारली आणि नंतर सुपर बोलच्या, म्हणजे तिथल्या फायनलच्या, शेवटच्या क्षणाला ४८ यार्डांवरून सामना जिंकला. पण भाच्यानं दुसरीही गोष्ट सांगितली. २००४ च्या सुपर बोलमध्ये याच विनातिएरीची एक किक हुकली, एक अडवली गेली, आणि मग चार सेकंद उरले असताना ४१ यार्डांवरून त्यानंच सामना जिंकून दिला. तिथं किकरला तोलताना अंतर लक्षात घेतात. २५ यार्डांची आणि ५० यार्डांची किक एकाच तराजूत घालत नाहीत. मला हे पटलं. आमच्याकडे अंतर नेहमी तेच, पण गोली तीच नसते, पाय तितकेच दमलेले नसतात. म्हणून वहीच्या समासात मी आता गोलीचा नंबरही लिहितो.

भाच्याकडूनच आणखी एक गोष्ट घेतली. तिकडे किकर तयार झाला की विरुद्ध संघ मुद्दाम टाइमआउट घेऊन त्याला उभा ठेवतो. आम्ही तसाच सराव करतो. बॉल ठेवला की मी शिट्टी लगेच वाजवत नाही. कधी पाच सेकंद, कधी वीस. गोली पुढं येऊन बॉल नीट ठेवला नाही म्हणून कुरकुर करते, ती तिला दिलेली कामगिरी आहे. पहिल्या आठवड्यात तीन मुली शिट्टीच्या आधीच धावल्या. नऊ नंबर त्यातली एक. मी तिला एवढंच सांगितलं, "शिट्टी वाजली म्हणजे परवानगी मिळाली, हुकूम नाही. बाळ, तू श्वास घे आणि मग नीघ." जूनच्या पहिल्या आठवड्यातली तिची किक मला डोळ्यांसमोर दिसते. शिट्टी वाजली, ती हलली नाही. उजव्या हातानं चड्डीच्या कडेची शिवण दोन बोटांत धरली, सोडली, आणि निघाली. चिठ्ठीवर "डावा खाली" होतं. डावा खाली गेला.

एक चूक माझ्याकडून झाली तीही सांगितली पाहिजे, कारण शीट घेणारे बरेच जण तीच करतील. दडपण आणायचं म्हणून मी सुरुवातीला नियम केला की किक हुकली तर बाकीच्यांनी मैदानाला एक फेरी मारायची. तिसऱ्या दिवशी ती सातवीतली अबोल मुलगी हुकली आणि पुढचे दोन दिवस आलीच नाही. तिच्या आईला भेटून मी माफी मागितली आणि नियम त्याच दिवशी बंद केला. आता दोन गट करतो, हरलेल्या गटानं शीटची घडी घालायची. कोणा एकीवर बोट जात नाही, आणि घडीचा कंटाळा एवढा आहे की किक मारताना सगळ्यांचे चेहरे गंभीर असतात.

गोंगाटाचा सराव मात्र शीटनंही होत नाही आणि माझ्यानंही. त्यासाठी मी मुलींना कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना बघायला नेतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे पाठीराखे गोलमागे ओरडत असतात तेव्हा गोलसमोरच्या डीमध्ये उभ्या माणसाला काय वाटत असेल, ते तिथं पायरीवर बसून कळतं. सांगली-कोल्हापूर तासाभराचा रस्ता. संघ कुठलाही असो, एकदा जाऊन यावं.

शीटला मी पाचपैकी साडेतीन देईन. नेम शिकवायला चार, शिवणीला दोन. बारा ते सोळा वयाच्या मुलांसाठी, पाठीमागे जाळी असलेल्या गोलवर, वारा पडल्यावर, उत्तम. किक कोणी मारायची ते निवडायचं साधन म्हणून घेत असाल तर पैसे वाचवा आणि २५ रुपयांची वही घ्या. दोन्ही परवडत असेल तर शीट मंगळवारी-गुरुवारी, आणि वहीतली एक किक रोज. कुणाला कापड हातात घेऊन बघायचं असेल तर पाऊस उघडला की संध्याकाळी साडेसहाला मैदानावर या. सध्या ती धुऊन, वाळवून, हळदीच्या रिकाम्या पोत्यात भरून दुकानाच्या माळ्यावर ठेवली आहे.

यंदाच्या टायब्रेकरच्या यादीत चार नंबर पहिली किक मारणार, हे ठरलं. नऊ नंबर तिसरी, ते तिनं स्वतः मागून घेतलं. पाचवी कोण, तो रकाना अजून कोरा आहे. त्या जागेसाठी दोघी आहेत, त्यांच्या वहीत मिळून अठराच किक झाल्या आहेत, आणि ऑगस्टला अजून सहा आठवडे आहेत.